गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाचा शोध: पीतपिंडाचे कार्य नेमके कसे सिद्ध झाले?

शोधयात्री (मूळ प्रश्न)

प्रजननावरील जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात ‘पीतपिंडातून स्रवणारे प्रोजेस्टेरॉन गर्भधारणा टिकवून ठेवते’ हे विधान एका ओळीत येते आणि लेखक लगेच पुढच्या मुद्द्याकडे वळतो. (पीतपिंड म्हणजे अंडाशयातील पुटिका, म्हणजे बीज वाढवणारी पिशवी, फुटून बीज बाहेर पडल्यावर तिच्या जागी तयार होणारा पिवळा पिंड; प्रोजेस्टेरॉन हे त्याचे संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन.) हे विधान ज्या जुन्या प्रयोगांवर उभे आहे ते समजून घेण्याचा प्रयत्न मी सध्या करतो आहे. त्यात दोन ठिकाणी अडलो, म्हणून येथे विचारतो.

पहिली अडचण पुराव्याची आहे. गाभण मादीचे अंडाशय काढले की गर्भ नष्ट होतो, हे निरीक्षण मान्य केले तरी त्यावरून पीतपिंडच त्याला कारण आहे असे कसे ठरवता येईल? अंडाशयात वाढत्या पुटिका असतात, आधार देणारे ऊतक असते, नसा आणि रक्तवाहिन्या असतात. शिवाय पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेचा आघातही गर्भपाताला पुरेसा ठरू शकतो. या सगळ्या शक्यता त्या काळच्या संशोधकांनी कशा वगळल्या, आणि परिणाम रक्तातून वाहणाऱ्या एखाद्या पदार्थाचाच आहे हे त्यांनी कशावरून ठरवले?

दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. गर्भारपणात गाठीमुळे किंवा अन्य आजारामुळे दोन्ही अंडाशय काढावे लागले आणि तरीही पूर्ण दिवसांचे बाळ जन्माला आले, अशा स्त्रियांच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. सशावरचे प्रयोग खरे असतील तर हे शक्य कसे होते? की सशाचा निष्कर्ष मानवाला लावण्यातच चूक झाली होती?

अंतःस्राव

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एका प्रयोगात नाही. सुमारे तीस वर्षांत वेगवेगळ्या ठिकाणी झालेल्या कामाने एकेक शक्यता बाद होत गेली, आणि तो क्रम पाहिला की पुराव्याची बांधणी लक्षात येते.

पीतपिंड दिसायला फार पूर्वीपासून ठाऊक होता. रेनिअर द ग्राफ याने १६७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सशाच्या अंडाशयातील या पिंडांची संख्या आणि गर्भाशयातील गर्भांची संख्या यांचा मेळ नोंदवला होता. मात्र फुटलेल्या पुटिकेच्या जागी उरलेला तो एक व्रण असावा, अशीच समजूत पुढे दोन शतके राहिली. १८९८ मध्ये ऑग्युस्त प्रेनां या फ्रेंच ऊतिशास्त्रज्ञाने त्याची सूक्ष्मरचना पाहून ही नलिका नसलेली, रक्तात स्राव सोडणारी ग्रंथी असावी असे मत मांडले. रचनेवरून केलेला तो तर्क होता आणि प्रयोगाचा आधार त्याला अजून मिळालेला नव्हता.

प्रयोगाची कल्पना तेव्हाच्या जर्मनीतील ब्रेस्लाऊ येथील गर्भविज्ञानाचे प्राध्यापक गुस्ताव बॉर्न यांची. (भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न हे त्यांचे पुत्र.) गर्भाशयात गर्भ रुजण्यासाठी पीतपिंडाचा स्राव लागत असावा, ही कल्पना तपासून पाहण्याचे काम त्यांनी आपल्या अखेरच्या आजारपणात लुडविग फ्रेंकेल या तरुण स्त्रीरोगतज्ज्ञावर सोपवले. १९०० मध्ये बॉर्न वारले. फ्रेंकेलने ते काम किती निष्ठेने तडीस नेले, हे १९०१ आणि १९०३ मधील त्याच्या प्रबंधांवरून दिसते. नॉर्वेच्या विल्हेल्म मॅग्नस यानेही १९०१ मध्ये स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाची मांडणी केली होती.

या कामासाठी ससा हा प्राणी फार सोयीचा ठरला. सशाच्या मादीत समागमामुळेच बीजमोचन (अंडाशयातून बीज बाहेर पडणे) होते आणि ते समागमानंतर साधारण दहा तासांनी होते, त्यामुळे गर्भाचे वय तासांच्या हिशेबाने सांगता येते. गर्भ सुमारे सातव्या दिवशी गर्भाशयात रुजतो आणि एकूण गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा असतो. फ्रेंकेलने रुजण्याच्या आधी आणि नंतर, अशा दोन्ही टप्प्यांवर अंडाशय काढून पाहिले, तेव्हा गर्भधारणा टिकली नाही. यापुढची पायरी महत्त्वाची आहे. काही माद्यांमध्ये त्याने अंडाशय जागेवरच ठेवले आणि केवळ पीतपिंड डाग देऊन जाळले. पुटिका आणि उरलेले ऊतक शाबूत असूनही गर्भ नष्ट झाले. उलट एकच अंडाशय काढून दुसऱ्यातील पीतपिंड राहू दिले, तर शस्त्रक्रिया तेवढीच मोठी असूनही गर्भधारणा चालू राहते. आपण विचारलेल्या आघाताच्या आणि इतर ऊतकांच्या शक्यतांना येथे बरेच उत्तर मिळते.

बरेच म्हणण्याचे कारण असे की, डाग दिल्याने आसपासचा रक्तपुरवठाही बिघडतो हा आक्षेप शिल्लक राहत होता आणि तो रास्त होता. त्यावर नांसी येथील पोल बुआँ आणि पॉल आंसेल यांनी १९१० च्या सुमारास उलट बाजूने मार्ग काढला. समागम वंध्य ठरेल अशी व्यवस्था केली, तर सशाच्या मादीत बीजमोचन होते आणि पीतपिंड तयार होतात, पण गर्भ मात्र नसतो. अशा मादीतही गर्भाशयाचा अंतःस्तर गर्भारपणात होतो तसाच जाड, घड्या पडलेला आणि ग्रंथींनी भरलेला झाला. म्हणजे अंतःस्तराची ही तयारी गर्भामुळे होत नाही, तर गर्भ येण्याआधीच पीतपिंड ती करून ठेवतो. याच सुमारास लिओ लोब याने गिनीपिगच्या गर्भाशयाला छेद देऊन असे दाखवले की, त्या जखमेच्या जागी वारेच्या (गर्भाला पोसणाऱ्या अवयवाच्या) मातृभागासारखे ऊतक वाढते, परंतु ते ठरावीक दिवसांतच आणि कार्यरत पीतपिंड असेल तरच. गर्भाची जागा येथे केवळ एका जखमेने घेतली होती, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य. प्रजननशास्त्राच्या इतिहासात त्याला मिळायला हवे तेवढे स्थान मिळालेले नाही, असे माझे मत आहे.

जुनेपान

वरील प्रतिसाद जेथे थांबतो तेथे, म्हणजे १९१० च्या आसपास, पुरावा भक्कम असूनही अपुरा होता. अवयव काढल्यावर कार्य थांबते हे दाखवून झाले होते. त्या अवयवाचा अर्क दिल्यावर कार्य पुन्हा सुरू होते हे दाखवायचे राहिले होते, आणि ते होईपर्यंत नसांचा किंवा रक्तपुरवठ्याचा संबंध पूर्णपणे नाकारता येत नव्हता. यात जवळजवळ वीस वर्षे गेली. त्या काळात पीतपिंडाच्या वाळवलेल्या भुकटीच्या गोळ्या औषध म्हणून विकल्या जात होत्या, परंतु त्यांचा अपेक्षित परिणाम कोणालाही खात्रीने दाखवता आला नव्हता. हा पदार्थ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळतो. त्यामुळे पाण्यात काढलेल्या अर्कात तो येतच नव्हता, आणि तोंडावाटे घेतला तर त्याचा बहुतांश भाग यकृतात निष्प्रभ होतो.

हा पेच न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर विद्यापीठात सुटला. जॉर्ज कॉर्नर हे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते आणि डुकरिणीच्या प्रजननचक्रावर त्यांनी अनेक वर्षे काम केले होते. विलर्ड ॲलन हा त्यांचा वैद्यकीचा विद्यार्थी होता आणि तो रसायनशास्त्राची चांगली तयारी घेऊन आला होता. प्रथम कॉर्नर यांनी १९२८ मध्ये असे दाखवले की, समागमानंतर लवकरच अंडाशय काढले तर सशाचे गर्भ काही दिवस तरंगत्या अवस्थेत वाढतात, पण अंतःस्तर तयार न झाल्यामुळे रुजण्याआधीच मरतात. म्हणजे गर्भ जगतो की मरतो, या कसोटीवर कोणताही अर्क पारखता येणार होता. त्यानंतर दोघांनी डुकरिणींचे पीतपिंड गरम अल्कोहोलमध्ये उकळून स्निग्ध अर्क मिळवला, तो शुद्ध करत नेला आणि अंडाशय काढलेल्या माद्यांना टोचला. १९२९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की अशा माद्यांत अंतःस्तर वाढला आणि गर्भ रुजले. १९३० मध्ये तर पहिल्याच दिवशी अंडाशय काढलेल्या सशांची गर्भधारणा केवळ अर्काच्या आधाराने शेवटापर्यंत नेता आल्याचे जाहीर झाले. अंडाशय शरीरात नाही, त्याच्या नसा नाहीत, त्याच्या रक्तवाहिन्या नाहीत, आणि तरीही पिल्ले जन्माला आली. आपल्या पहिल्या प्रश्नाचे निर्णायक उत्तर मी या प्रयोगात मानतो.

या कामातील एक प्रसंग विशेष सांगण्यासारखा आहे. मध्यंतरी एकाच पद्धतीने केलेले अर्क कधी परिणाम दाखवत आणि कधी मुळीच दाखवत नसत. दोष रसायनात असावा असे समजून खूप शोध घेतला गेला, परंतु कारण प्राण्यांत निघाले. प्रौढ माद्या अर्काला प्रतिसाद देत होत्या आणि वयात न आलेल्या लहान माद्या देत नव्हत्या. गर्भाशयावर आधी इस्ट्रोजेन या अंडाशयाच्या दुसऱ्या संप्रेरकाचा प्रभाव पडलेला असल्याशिवाय प्रोजेस्टेरॉनला तेथे काम करता येत नाही, हे यातून पुढे स्पष्ट झाले. इस्ट्रोजेनमुळे प्रोजेस्टेरॉनचे ग्राहक (त्याला पकडून प्रतिसाद देणारी प्रथिने) गर्भाशयाच्या पेशींत तयार होतात, हे कारण काही दशकांनी कळले. १९३० मध्ये कार्ल क्लाउबेर्ग याने जी मापनपद्धती रूढ केली तिच्यात हेच तत्त्व वापरलेले आहे. तिच्यात लहान सशांना आधी इस्ट्रोजेन देऊन मग अर्काची ताकद मोजली जाते.

यापुढचे काम रसायनशास्त्रज्ञांचे. १९३४ मध्ये चार गटांनी जवळजवळ एकाच वेळी शुद्ध स्फटिक मिळवले: डान्झिग येथे बुटेनान्ट आणि वेस्टफाल, ब्रेस्लाऊ येथे स्लोटा, रूशिग आणि फेल्स, अमेरिकेत ॲलन आणि विंटरस्टायनर, आणि बाझल येथे हार्टमान आणि वेट्टश्टाइन. बुटेनान्ट यांच्या गटाला सुमारे ५०,००० डुकरिणींच्या ६२५ किलो अंडाशयांतून अवघे २० मिलिग्रॅम शुद्ध प्रोजेस्टेरॉन मिळाले, असे सांगितले जाते. बॉर्न आणि फ्रेंकेल यांच्याच ब्रेस्लाऊने या शर्यतीत पुन्हा स्थान मिळवावे, याचे मला फार समाधान वाटते. तितकेच दुःख याचे वाटते की, पुढच्याच वर्षी स्लोटा यांना जर्मनी सोडून ब्राझीलमध्ये आश्रय घ्यावा लागला आणि फ्रेंकेल यांनाही मायदेश सोडून उरुग्वेला जावे लागले.

शोधयात्री

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. अर्काच्या प्रयोगाने माझी पहिली शंका फिटली. मात्र त्यामुळे दुसरी अधिकच तीव्र झाली. सशाच्या मादीला अर्काशिवाय गर्भ टिकवता येत नाही आणि अंडाशय गमावलेली स्त्री मात्र काही महिने कोणत्याही अर्काशिवाय गर्भ टिकवते. मग मानवी गर्भारपणाला प्रोजेस्टेरॉन लागतच नाही, असे समजायचे काय?

पशुवैद्यक

लागते. फरक फक्त ते कोठून येते आणि केव्हापासून येते यात आहे. हा फरक न ओळखल्यामुळेच फ्रेंकेलच्या निष्कर्षाला स्त्रीरोगतज्ज्ञांकडून दीर्घकाळ विरोध झाला. आपण उल्लेखलेल्या नोंदी त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडल्या जात होत्या, आणि गंमत अशी की दोन्ही पक्षांची निरीक्षणे बरोबर होती.

पाळीव प्राण्यांत हे भेद रोज समोर येतात. शेळी आणि डुकरीण सशासारख्याच आहेत. त्यांच्यात वार स्वतः पुरेसे प्रोजेस्टेरॉन बनवत नाही, त्यामुळे गर्भकाळाच्या कोणत्याही टप्प्यावर पीतपिंड नष्ट झाले की गर्भ जातो. मेंढी दिसायला शेळीची इतकी जवळची, पण तिच्या सुमारे १४७ दिवसांच्या गर्भकाळात साधारण ५० ते ६० दिवसांनंतर वार हे काम स्वतःकडे घेते आणि मग अंडाशय काढले तरी कोकरू वाढत राहते. गाईत अंडाशयाची गरज सुमारे २०० दिवसांपर्यंत राहते. घोडीत आणखी वेगळा प्रकार दिसतो. तिच्या गर्भकाळात मूळच्या पीतपिंडाला जोड देणारे नवे पीतपिंड तयार होतात, आणि सातव्या महिन्यानंतर मात्र अंडाशयात कार्यरत पीतपिंड उरतच नाही. उरलेले गर्भारपण वारेवर चालते. शेळीला आणि मेंढीला एकच नियम लावणारा पशुवैद्य जसा फसेल, तसेच सशावरून थेट स्त्रीविषयी बोलणारे आणि स्त्रीवरून सशाचा प्रयोग खोटा ठरवणारे, असे दोघेही फसले.

मानवाविषयीचे पुरावे वेगवेगळ्या दिशांनी आले. गाय मॅरियन यांनी १९२९ मध्ये गर्भवतींच्या मूत्रातून प्रेग्नेनडायॉल नावाचा पदार्थ वेगळा केला. तो प्रोजेस्टेरॉनचे विघटन होऊन बनतो हे काही वर्षांनी समजले आणि गर्भवतीच्या शरीरात किती प्रोजेस्टेरॉन तयार होते याचा अंदाज मूत्रावरून घेता येऊ लागला. हे प्रमाण गर्भारपणात चढत जाते आणि वार पडल्यावर झपाट्याने उतरते. अंडाशय काढलेल्या गर्भवतींच्या मूत्रातही ते सापडत राहिल्याने दुसरा उगम असलाच पाहिजे हे उघड झाले, आणि तो उगम म्हणजे वार.

मात्र वार हे काम पहिल्या दिवसापासून करू शकत नाही. स्त्रीच्या पीतपिंडाचे आयुष्य गर्भ नसेल तर साधारण दोन आठवड्यांचे असते, म्हणून वार समर्थ होईपर्यंत पीतपिंडाला जिवंत ठेवणारा निरोप गर्भाकडूनच यावा लागतो. बर्लिनमध्ये झोंडेक आणि आशहाइम यांनी १९२७ च्या सुमारास गर्भवतींच्या मूत्रात अंडाशयाला चेतवणारा पदार्थ शोधला आणि त्यावर आधारलेली गर्भनिदान चाचणी दिली. तो पदार्थ मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येतो अशी त्यांची समजूत होती. १९३८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्जियाना सीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारेच्या पेशी काचपात्रात वाढवून तेथेच हा पदार्थ तयार होतो असे दाखवले. आज त्याला आपण एचसीजी (ह्यूमन कोरिऑनिक गोनॅडोट्रॉपिन) म्हणतो, आणि घरी करण्याच्या गर्भचाचणीच्या पट्टीवर दिसणारी रेघ त्याचीच असते. मेंढीत हाच निरोप अगदी वेगळ्या प्रथिनाकडून जातो. रॉबर्ट मूर आणि लायनल रोसन यांनी १९६६ मध्ये दाखवले की मेंढीच्या गर्भाशयातून गर्भ बाराव्या दिवसाच्या आत काढला तर पीतपिंड नेहमीच्या वेळी विरतो आणि त्यानंतर काढला तर तो टिकून राहतो.

आपल्या शंकेचे थेट उत्तर आर्पाद चापो यांच्या १९७२ आणि १९७३ मधील कामात आहे. गर्भपात करून घेण्यासाठी आलेल्या स्त्रियांमध्ये, त्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी, पीतपिंड काढून पुढे काय होते याची नोंद त्यांनी ठेवली. शेवटच्या पाळीपासून सात आठवड्यांच्या आत पीतपिंड काढला तर रक्तातील प्रोजेस्टेरॉन कोसळले आणि गर्भपात झाला. नऊ आठवड्यांनंतर काढला तर प्रोजेस्टेरॉन थोडे उतरले आणि गर्भ टिकला. लवकर पीतपिंड काढलेल्या स्त्रियांना बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिले तेव्हाही गर्भ टिकला. ॲलन आणि कॉर्नर यांच्या सशावरील प्रयोगाचे मानवातील उत्तर, चाळीस वर्षांहून अधिक काळानंतर, ते हेच. जुन्या नोंदींतील ज्या स्त्रियांचे गर्भ अंडाशय काढल्यावरही टिकले, त्यांची शस्त्रक्रिया बहुधा या वळणानंतर झाली होती.

औषधअभ्यास

या चर्चेत एक गोष्ट जोडणे मला आवश्यक वाटते. संप्रेरक गर्भ टिकवते हे सिद्ध झाले, म्हणून ते किंवा त्याच्यासारखे काही दिले की धोक्यातला गर्भ वाचेल, असे अनुमान १९४० च्या दशकात फार सहज काढले गेले. वरच्या प्रयोगांत संप्रेरकाचा उगमच काढून टाकलेला होता. सर्वसामान्य गर्भपातात उगम बहुतेक वेळा शाबूत असतो आणि कारण पुष्कळदा गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषात असते. तेव्हा प्रोजेस्टेरॉनची घसरण हा कित्येकदा गर्भ मेल्याचा परिणाम असतो.

त्याची किंमत डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉलने दाखवून दिली. हे कृत्रिम इस्ट्रोजेन १९३८ मध्ये लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स आणि सहकाऱ्यांनी तयार केले. बॉस्टनच्या ऑलिव्ह आणि जॉर्ज स्मिथ या दांपत्याने, त्यामुळे वारेतील प्रोजेस्टेरॉनची निर्मिती वाढते या विचाराने, १९४८ मध्ये गर्भपात टाळण्यासाठी त्याची शिफारस केली. त्यांच्या कामात तुलनेसाठी योग्य नियंत्रित गट नव्हता. १९५३ मध्ये शिकागो येथे विल्यम डीकमन यांनी सुमारे १,६०० स्त्रियांवर निष्क्रिय गोळीशी तुलना करून चाचणी घेतली, तेव्हा काहीही लाभ आढळला नाही. तरीही ते औषध पुढे अनेक वर्षे दिले जात राहिले, आणि मला सर्वांत अक्षम्य वाटते ते हेच. १९७१ मध्ये आर्थर हर्बस्ट आणि सहकाऱ्यांनी योनीच्या एका दुर्मीळ कर्करोगाच्या आठ तरुण रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी सात जणींच्या मातांनी त्या गर्भारपणात हे औषध घेतलेले होते.

प्रोजेस्टेरॉनबाबत नीट नियंत्रित मोठ्या चाचण्या तर अलीकडच्या आहेत. कारण न सापडलेल्या वारंवार गर्भपातांसाठी ते उपयोगी पडते का, हे पाहणाऱ्या ब्रिटनमधून चालवलेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१५ मध्ये आला आणि जिवंत जन्मांत फरक दिसला नाही. २०१९ मध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तस्राव झालेल्या ४,१५३ स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रोजेस्टेरॉन घेतलेल्यांत जिवंत जन्मांचे प्रमाण ७५ टक्के आणि न घेतलेल्यांत ७२ टक्के होते. हा फरक एकूण पाहता निर्णायक मानला गेला नाही, परंतु ज्यांना आता रक्तस्राव होता आणि आधीही गर्भपात झाले होते, अशा स्त्रियांच्या गटात लाभ दिसला. आधीचे गर्भपात तीन किंवा अधिक असतील तर तो ठळक होता.